हात बाईंचे, पाय बाबांचे

सासूबाई माझ्या नणंदेच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेल्या आणि सासरे आमच्याकडे ग्लासगोला आले. सांगलीत ते एकटे राहिले असते तर दोन्ही वेळ पोहेच खाल्ले असते, आणि नागपुरात त्यांचा काही उपयोग नाही, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. बाबांनी वाद घातला नाही. एप्रिलच्या सुरुवातीला कानटोपी, दोन स्वेटर आणि मेतकुटाची बरणी घेऊन ते आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दाखल झाले.

आम्ही दोघंही दिवसभर बाहेर. मी हॉस्पिटलमध्ये अ‍ॅनेस्थेटिस्ट आहे, नवरा एका कंपनीच्या आयटीत. बाबांचा वेळ कसा जाणार याची मला काळजी होती. लंडनकडे वेम्बलीला किंवा स्लाऊला राहत असतो तर खाली उतरलं की बोलायला कुणीतरी भेटलं असतं. आमच्या रस्त्यावर मराठी बोलणारं कुणी नव्हतं, आणि ग्लासगोच्या लोकांचं इंग्रजी सुरुवातीला मलाही कळत नसे.

बाबांनी स्वतःच उपाय शोधला. जेवण झालं की जॅकेट चढवायचं आणि चालत सुटायचं. पाय त्यांचे अजून दणकट होते. हातांचं मात्र तसं नव्हतं. हात थरथरायचे. उतारवयात काहींना होतो तसला कंप. मांडीवर ठेवले की शांत, काही करायला उचलले की सुरू. औषधाने थोडा फरक पडला होता, पूर्ण नाही. चहा ते अर्धा मगच घ्यायचे आणि मग दोन्ही हातांनी धरायचे. मी तिकडे बघत नाही असं मी दाखवायची, आणि मी बघत नाही हे त्यांना खरं वाटतंय असं ते दाखवायचे.

एका संध्याकाळी फिरून आले ते जॅकेट न काढताच स्वयंपाकघरात आले.

"कोपऱ्यावरच्या चर्चच्या मागे हॉल आहे ना, तिथे ऑर्गन आहे," ते म्हणाले.

"चर्चमध्ये असतोच की, बाबा."

"तो भिंतीएवढा नाही गं. आपला. पायाने भाता मारायचा तो. कुणीतरी वाजवत होतं. हात चांगला आहे, पण पेटीला वारा पुरत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर बसतो."

बाबा बँकेत नोकरी करत करत संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे, एवढं मला माहीत होतं. सांगलीच्या घरात तसा एक फोटो आहे. रंगमंचाच्या पुढे खाली ऑर्गनपाशी बसलेला काळ्या मिशांचा तरुण, मान वर करून गाणाऱ्या नटीकडे बघणारा. लग्नानंतर तो फोटो मी कित्येकदा पुसला होता, पण त्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "माझ्या लहानपणी बाबा रविवारी घरी नसायचे. बास, तेवढंच आठवतं."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांना त्या हॉलमध्ये घेऊन गेले. दार उघडंच होतं. आत एका बाजूला रचून ठेवलेल्या खुर्च्या, चहाचा मोठा बॉयलर, आणि खिडकीपाशी गडद लाकडाची पेटी. पेटीपुढच्या बाकावर बसलेल्या बाई ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. पांढरे केस मागे बांधलेले, काठी बाजूला टेकवलेली. त्या वाजवत होत्या आणि मधूनच थांबून गुडघा चोळत होत्या.

मी ओळख करून दिली. सासरे इंडियाहून आलेत, तरुणपणी असं वाद्य वाजवायचे, ऐकायला आलो तर चालेल का, वगैरे. त्या म्हणाल्या की ऐकणारा माणूस या हॉलमध्ये दुर्मीळ झालाय, तेव्हा अवश्य बसा. चर्चमधला मोठा पाइप ऑर्गन ओल लागून बंद पडला होता. रविवारची प्रार्थना आता या हॉलमध्येच व्हायची आणि साथीला ही पेटी. त्या शाळेत संगीत शिकवायच्या, निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नाव लावलं होतं, तारीख मिळाली नव्हती.

बाबांनी घसा साफ केला आणि बँकेच्या पत्रातल्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, द विंड इज नॉट सफिशियंट."

बाई हसल्या. "मला माहीत आहे. पेटीचा दोष नाही, माझ्या गुडघ्यांचा आहे. तुम्ही वाजवून बघता?" आणि त्या बाकावरून उठायला लागल्या.

बाबांनी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. पालथे, बोटं पसरून. हात थरथरत होते. घरात ते हात लपवायचे, कधी मगाभोवती, कधी खिशात, आणि इथे एका अनोळखी बाईपुढे त्यांनी ते सरळ उघडे धरले. बाईंनी हातांकडे बघितलं, मग बाबांकडे.

"पण पाय आहेत," बाबा म्हणाले.

बाईंना क्षणभर कळलं नाही. मग त्या बाकावर एका बाजूला सरकल्या.

बाबांनी बूट काढले. नुसत्या मोज्यांनिशी बाकावर बसून त्यांनी भात्याचे पायटे जोखले, एकदा डावा, एकदा उजवा, आणि हळूच भाता भरायला लागले. बाईंनी मघाचीच ओळ पुन्हा वाजवली. फरक मलाही कळला, आणि मला सुरांतलं फारसं काही कळत नाही. मघाशी तो आवाज जिना चढून आलेल्या माणसासारखा धापा टाकत होता. आता तो ओळीच्या शेवटापर्यंत नीट पोचला आणि तिथे थांबला. बाईंनी ओळ पूर्ण करून हात मांडीवर ठेवले. म्हणाल्या, "मंगळवारी आणि शुक्रवारी मी दुपारी सराव करते."

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार बाबांचे ठरून गेले, आणि लवकरच रविवारची प्रार्थनाही.

बाबा त्यांना 'बाई' म्हणायचे. शाळेतल्या शिक्षिकेला आपण म्हणतो तसं. त्यांनी अर्थ विचारला तेव्हा मी सांगितला, आणि त्या खूश झाल्या. त्या बाबांना 'माझी फुप्फुसं' म्हणायच्या, लोकांशी ओळख करून देतानासुद्धा. ते बाबांनी सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं नाही. पाय चालवतो एवढं मात्र सांगितलं.

"तिकडे जाऊन पाय चालवताय?" सासूबाई म्हणाल्या. "इथे माझं शिलाई मशीन कधीचं पडून आहे."

पहिले काही आठवडे सुखाचे नव्हते. बाबांना नाटकातली सवय. तिथे गाणारा एक आणि बाकी सगळे त्याच्या मागे. गाणाऱ्याने तान घेतली की ऑर्गनने फुलायचं, तो समेवर आला की ऑर्गनने दणक्यात यायचं. बाबांचे पाय आपोआप तसेच चालायचे. बाई एखादं साधं स्तोत्र वाजवत असायच्या आणि मधल्याच एका सुरावर पेटी एकदम गर्जायची.

"इथे कुणी येतंय का?" बाई एकदा थांबून म्हणाल्या. "कारण तुम्ही कुणाचं तरी स्वागत करताय."

बाबांना आधी राग आला, मग हसू आलं. मी त्या दिवशी त्यांना न्यायला गेले होते आणि खुर्चीवर बसून ऐकत होते. मधे भाषांतराची गरज लागायची तेव्हा माझा उपयोग व्हायचा. बाबांनी मला विचारायला सांगितलं: मुख्य सूर कुठला, हेच कळत नाही, मग जोर द्यायचा कुठे?

बाईंनी प्रश्न गंभीरपणे घेतला. त्यांनी पुस्तक पुढे ओढलं आणि त्याच स्तोत्रातली सगळ्यात वरची ओळ एकटी वाजवली. ती चाल आम्हाला ओळखीची झाली होती. मग त्याखालची ओळ एकटी वाजवली, मग तिच्याखालची, मग सगळ्यात खालची. चारही वेगवेगळ्या चाली निघाल्या. प्रत्येक आपली आपण गाता येईल अशी. मग त्यांनी चारही एकत्र वाजवल्या.

त्या म्हणाल्या, शेकडो वर्षांपूर्वी युरोपातल्या चर्चमध्येही सगळे मिळून एकच चाल गायचे, तुमच्यासारखीच. मग कुणीतरी त्या चालीला दुसरी चाल जोडून बघितली. मग तिसरी. पुढची कित्येक शतकं याच एका गोष्टीचा विचार करण्यात गेली: एकाच वेळी अनेकांनी वेगवेगळं बोलायचं आणि तरी भांडण होऊ द्यायचं नाही.

परत येताना रस्त्यात बाबा म्हणाले, "आपल्याकडे मी गाणाऱ्याच्या मागे जायचो. इथे कुणीच कुणाच्या मागे नाही. चौघं आपापल्या वाटेने चाललेत आणि पोचतात मात्र बरोबर."

"मग तुम्ही काय करायचं?"

"मी कुणाचीच बाजू घ्यायची नाही. वारा सगळ्यांना सारखा."

आणि ते जमवण्यासाठी ते घरी सराव करायला लागले. जेवणाच्या टेबलाखाली. आम्ही जेवत असताना टेबल हळू हळू हलायचं, डावा-उजवा, डावा-उजवा, आणि आमटीवर लाटा यायच्या. नवरा म्हणाला, "बाबा, प्लीज." बाबा थांबायचे, आणि थोड्या वेळाने पाय पुन्हा सुरू व्हायचे. त्यांच्या लक्षातही येत नसे.

नवऱ्याला हे सगळं थोडं खटकत होतं. एकदा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "चर्चमध्ये रविवारी बसून भाता मारणं, हे जरा... त्यांना कुणी काही म्हणत नाही ना?" मी म्हटलं, तूच ये आणि बघ. तो आला नाही. बाबांनी मात्र बाईंना स्वतःहूनच सांगितलं होतं, की मॅडम, मी रोज सकाळी गणपतीची पूजा करतो. बाई म्हणाल्या, भात्याला त्याने काही फरक पडत नसावा.

मे-जूनमध्ये इथे संध्याकाळ संपतच नाही. सराव झाल्यावर दोघं हॉलच्या पायरीवर चहा घेत बसायची. बाबा दोन्ही हातांनी मग धरून, बाई पाय लांब करून. बाईंना बोलायला आवडायचं आणि बाबांना अर्ध्याहून जास्त कळायला लागलं होतं. ती माहिती मग माझ्यापर्यंत रात्रीच्या जेवणात पोचायची. विजेची मोटर येण्याआधी मोठमोठ्या ऑर्गनच्या मागे भाता मारणारी माणसं लागायची. मोठ्या चर्चमध्ये ती चार-पाच जणं असायची, लाकडी दांड्यांवर उभी राहून पायांनी दाबणारी. म्हणजे तो जो अठराव्या शतकातला महान जर्मन संगीतकार, ज्याचे फ्यूग आजही शिकवतात, त्याला मनात आलं म्हणून उठून ऑर्गनवर बसता येत नव्हतं. आधी माणसं जमवायला लागायची.

"काही जुन्या ऑर्गनच्या आत, लाकडावर त्या माणसांनी आपली नावं कोरून ठेवलीत म्हणे," बाबा म्हणाले. ही गोष्ट त्यांना फार आवडली होती.

फ्यूग म्हणजे काय तेही त्यांनी मला टेबलावर बोटांनी समजावलं. एक लहानसा मुखडा. एक जण तो घेऊन येतो. त्याचं संपतं न संपतं तोच दुसरा तोच मुखडा वरच्या पट्टीत घेऊन येतो, आणि पहिला गप्प बसत नाही, तो वेगळं काही बोलायला लागतो. मग तिसरा. बोटं थरथरत होती, पण सांगण्याच्या नादात ती टेबलावर आहेत हे ते विसरले होते. त्यानंतर हात खिशात जाणं कमी झालं, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

त्याच सुमारास कधीतरी त्यांनी मला ऑर्गन का सुटला ते सांगितलं. नाटक मंडळीचे प्रयोग कमी होत गेले. ऑर्गनचे रीड खराब झाले, दुरुस्त करणारा म्हातारा गेला, आणि प्रयोगाला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड यायला लागला. "तेव्हा वाटलं होतं, रिटायर झाल्यावर घरी एक घेऊ. मग रिटायर व्हायच्या शेवटच्या वर्षी हात सुरू झाले. बँकेत माझीच सही माझ्या सहीशी जुळेना." हे सांगताना ते हसले. त्यांचं हसणं खरं होतं, पण मी त्या दिवशी भाजी परतत राहिले आणि वळून बघितलं नाही.

पेटीवर पट्ट्यांच्या वर गोल स्टॉपरची रांग होती. हा ओढला की आवाज भारदस्त, तो ओढला की बासरीसारखा. त्यांतल्या एकावर फक्त E हे अक्षर होतं आणि बाई त्याला कधी हात लावत नसत. बाबांनी एक दिवस विचारलं.

बाईंनी सांगितलं ते असं. पेटीच्या पोटात एक साठवणीचा भाता असतो. पाय कमी-जास्त पडले तरी तो वारा सारखा करून पुढे पाठवतो. E ओढला की ती साठवण बंद होते. पायातला वारा थेट सुरांपर्यंत जातो. मग पाय जे करतील ते सगळं ऐकू येतं. हळू, जोरात, चूक, बरोबर, सगळं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये अशी पेटी पहिल्यांदा तयार झाली तेव्हा लोकांना तिचं हेच अप्रूप होतं. पाइप ऑर्गनचा एकच सूर मोठा आणि मग लहान करता येत नाही, या पेटीचा येतो, माणसाच्या गळ्यासारखा. "पण त्याला पाय लागतात," बाई म्हणाल्या. "माझे तरुणपणीही तितके चांगले नव्हते."

बाबांनी हात पुढे केला आणि E ओढला.

पहिला आवाज निघाला तो बैलाच्या हंबरण्यासारखा. दुसरा निघालाच नाही. बाई पोट धरून हसल्या आणि बाबा लहान मुलासारखे खजील झाले. पण त्यांनी स्टॉपर परत आत ढकलला नाही.

बाईंनी घरून एक जुनं पुस्तक आणलं. पॅरिसच्या एका चर्चमध्ये वर्षानुवर्षं ऑर्गन वाजवलेल्या एका संगीतकाराने आयुष्याच्या अगदी शेवटी, खास या पेटीसाठी लहान लहान रचना लिहायला घेतल्या होत्या. मोठी सिंफनी लिहिलेला माणूस, आणि शेवटी एकेका पानाच्या गोष्टी. पुस्तक पुरं व्हायच्या आत तो गेला. बाई म्हणाल्या, यातल्या दोन मला आयुष्यभर वाजवायच्या होत्या, पानगळ सुरू झाली की हॉलमध्ये चहाबरोबर एक छोटा कार्यक्रम करू.

तो उन्हाळा त्या दोन पानांवर गेला. अडत होतं ते शेवटापाशी. दुसऱ्या रचनेचा शेवटचा स्वरसमूह हळू हळू विरत नाहीसा व्हायला हवा होता. पण वारा कमी झाला की सगळे रीड एकदम गप्प होत नाहीत. आधी खालचा सूर घोगरा होतो, मग मधला पडतो, आणि वरचा एकटाच चिरकत राहतो. बाबा वारा फार लवकर सोडायचे, किंवा भीतीने धरून ठेवायचे. बाई त्यांच्यावर एकदाच रागावल्या. "तुम्ही शेवटाची वाट बघत बसताय," त्या म्हणाल्या. "शेवट यायचा तेव्हा येईल. तुम्ही फक्त श्वास सोडा."

हे भाषांतर करताना मला जरा गंमत वाटली. ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटला झोपवल्यावर हातातली पिशवी दाबून त्याला श्वास देणं हे माझं रोजचं काम. शिकाऊ डॉक्टर घाईने दाबतात, त्यांना मी हेच सांगते: दाबून झालं की सोडून द्या, छाती आपोआप खाली येते. मी बाबांना तेच सांगितलं, माझ्या पद्धतीने. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तूही भातेवालीच की," ते म्हणाले.

कार्यक्रम सप्टेंबरच्या अखेरीस एका शनिवारी दुपारी झाला. खुर्च्या पाऊणएक भरल्या होत्या. चर्चचे लोक, बाईंचे काही जुने विद्यार्थी, आणि माझ्या हॉस्पिटलमधल्या दोन मराठी डॉक्टर मैत्रिणी. मी चिवडा केला होता, तो शॉर्टब्रेडच्या बिस्किटांशेजारी ठेवला. नवरा आला. येतो म्हणाला नव्हता, पण मी खुर्च्या लावत होते तेव्हा दारात उभा दिसला, इस्त्रीचा शर्ट घालून.

बाबांनी बूट काढून नीट बाकाखाली सरकवले. दोघं शेजारी बसली. आधी स्तोत्र, मग एक लहान फ्यूग. फ्यूगमध्ये बाईंचा हात एकदा चुकला, त्यांनी मागे न बघता तो सावरला, आणि वारा जराही ढळला नाही. मग बाबांनी E ओढला.

पहिली रचना चांगली झाली. दुसरी सुरू झाली तेव्हा मी नवऱ्याकडे बघितलं. तो बाईंच्या हातांकडे बघत नव्हता. पुढे झुकून, बाकाखालच्या त्या राखाडी मोज्यांकडे बघत होता. पाय इतके सावकाश चालत होते की चालतात असं वाटतही नव्हतं, आणि सूर मोठा होत होता, मागे सरत होता, पुन्हा येत होता. शेवटचा स्वरसमूह आला. बाईंनी पट्ट्या दाबून धरल्या. बाबांचे पाय खाली गेले आणि तिथेच राहिले. आवाज लहान होत गेला, सगळे सूर बरोबर, कुणीच मागे न राहता, आणि नेमका कधी थांबला ते सांगता येणार नाही. त्यानंतरही बाईंनी बोटं उचलली नाहीत. बाबांनी मान हलवली तेव्हा उचलली.

टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी बाईंच्या एका विद्यार्थ्याने त्यांना म्हटलं की कागदावर लिहिलंय त्यापेक्षा शेवट तुम्ही फार लांब धरलात. "मी नाही," बाई म्हणाल्या. "शेवट यांचा होता. मी वाट बघत होते."

नवरा बाबांपाशी गेला. मला वाटलं काहीतरी बोलेल. त्याने खाली बसून बाकाखालचे बूट काढले आणि बाबांच्या पुढे ठेवले. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात टेकून ते घातले. "फोटोतला ऑर्गन याच्यापेक्षा मोठा होता का?" त्याने विचारलं.

"उंचीला मोठा," बाबा म्हणाले. "आवाजाला हा गोड आहे. घरी सांगतो तुला."

आणि घरी येऊन ते खरंच सांगत बसले. नवरा प्रश्न विचारत होता, मी पिठलं टाकलं.

बाबांच्या परतीच्या विमानाला थोडे दिवस उरले असतानाच बाईंना ऑपरेशनची तारीख मिळाली. माझ्या हॉस्पिटलमध्ये नव्हे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. बाई उशांना टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला. फिजिओथेरपिस्ट नुकतीच येऊन गेली होती. पाऊल पुढे-मागे हलवायचा व्यायाम दिला होता, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. दर तासाला करायचा. बाईंनी दोनदा करून सोडून दिला होता.

"दुखतं," त्या म्हणाल्या. "आणि कंटाळवाणं आहे."

बाबांनी खुर्ची पलंगाच्या पायथ्याशी ओढली. बूट काढले आणि पाय बाईंना दिसतील असे पुढे केले. मग सावकाश पावलं खाली-वर करायला लागले, भाता मारताना करायचे तशी. तोंडाने ते स्तोत्राची खालची चाल गुणगुणत होते, चौथी ओळ, जी कुणी एकटी गात नाही. बाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग पांघरुणाखाली त्यांचं पाऊल हललं. गुणगुणणं संपेपर्यंत त्या हलवत राहिल्या, आणि दुसऱ्या कडव्याला त्यांनी वरची चाल धरली. शेजारच्या पलंगावरच्या आजींनी आवाज जरा मोठा करा असं सांगितलं.

बाबा ऑक्टोबरमध्ये परत गेले. नागपूरला नात झाली होती. आधी तिकडे जाऊन मग सासूबाईंना घेऊन सांगलीला. जाताना बाईंनी त्यांना ते पॅरिसचं पुस्तक दिलं. बाबांना त्यातल्या स्वरांच्या खुणा वाचता येत नव्हत्या. पाच रेघांवरचे काळे ठिपके त्यांनी सहा महिने नुसते शेजारून बघितले होते. आता ते शिकताहेत. सांगलीत त्यांना एक गिटार शिकवणारा मुलगा सापडलाय, त्याच्याकडे आठवड्यातून एकदा जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर पानाचा फोटो येतो, एका जागी बोट ठेवलेलं, फोटो हललेला. खाली प्रश्न असतो. इथे बाईंनी सूर धरला होता तो एवढाच आहे का, मग मी वारा आधी का सोडायचो? मी तो बाईंना दाखवते आणि उत्तर लिहून पाठवते.

कारण आता मंगळवारी माझी शिफ्ट नसेल तर बाकावर मी बसते. सुरुवातीला फार वाईट व्हायचं. मला पाय सारखे टाकता येत नाहीत, मोजायला गेलं की चुकतात. बाई सहनशील आहेत. E आम्ही अजून ओढलेला नाही.

गेल्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने त्यांना सांगितलं की गुडघा उत्तम बरा झालाय, पायटे मारायला हरकत नाही, उलट चांगलाच व्यायाम होईल. हे मला त्यांनी आपण होऊन सांगितलं, आणि मी बाकावरून उठायला लागले.

"बस," त्या म्हणाल्या. "मला एकटीने वाजवता येईल, हे खरं आहे. पण हाताकडे लक्ष देताना पायांचा विचार करायची सवय गेली माझी, आणि ती पुन्हा लावून घ्यायची माझी इच्छा नाही. तुझ्या सासऱ्यांना विचार, मार्चमध्ये येताहेत ना? त्यांच्यासाठी मी तिसरं पान काढून ठेवलंय. तोवर तू हे स्तोत्र नीट कर. दुसऱ्या ओळीत घाई करतेस."

मी बूट काढले आणि पाय पायट्यांवर ठेवले.